नोंदणी त्याची, पन्नास वर्षं आमची. मग वृंदाचं नाव कुणाचं?

प्रश्न : १९७६ साली आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी पुण्यात वृंदगानाचा गट काढला. भावगीतं आणि समूहगीतं तीन-चार आवाजांत बसवून गायची, ही आमची ओळख. आकाशवाणीवर गायलो, एक कॅसेटही निघाली. कागदोपत्री काहीच केलं नाही. खर्च वजा जाता उरेल ते पाचांत वाटून घ्यायचो. पुढे एक मैत्रीण लग्न होऊन परदेशी गेली, १९८९ मध्ये एक जण भांडून बाहेर पडले, २००४ मध्ये एक सहकारी वारले. उरलेले आम्ही दोघं संस्थापक आजही कार्यक्रम करतो. २००८ मध्ये एका तरुण गायकाला घेतलं. सुरुवातीला तो नाइटवर, म्हणजे दर कार्यक्रमाला ठरलेले पैसे घेऊन गायचा, २०१५ पासून त्यालाही वाटा देऊ लागलो. २०२२ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी वृंदाच्या नावाचा ट्रेडमार्क त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतला. आता सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत हे नाव वापरणं थांबवा. १९८९ मध्ये गेलेल्या गृहस्थांनीही नावापुढे ‘मूळ’ असं लावून कार्यक्रम जाहीर केला आहे. वारलेल्या सहकाऱ्याचा मुलगा म्हणतो, बाबांचा हिस्सा द्या. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, नाट्यगृहाची तारीख सोडू नका. नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, ते समोरच्या वकिलाचं पत्र आहे. उत्तर मात्र द्यायचंच आणि मुदतीत द्यायचं. गप्प राहिलात तर पुढे तेच गप्प राहणं तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलं आहे : ‘उरेल ते पाचांत वाटून घ्यायचो.’ भागीदारीसाठी स्टॅम्पपेपर लागतोच असं नाही. एकत्र धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा, एवढं तोंडी ठरलं तरी १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याला पुरतं. गाण्याला धंदा म्हटलेलं तुम्हाला रुचणार नाही, पण पैसे घेऊन कार्यक्रम केले की कायदा त्याला तेच म्हणतो. एकदा भागीदारी म्हटली की तिचा नावलौकिक ही पेढीची, म्हणजे भागीदारांच्या संस्थेची, मालमत्ता, हे त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. म्हणून वृंदाचं नाव त्या तरुणाचं नाही, ‘मूळ’वाल्यांचं नाही, आणि थोडं कडू आहे पण ऐका, एकट्या तुमचंही नाही. याकडे पुन्हा येतो.

‘मूळ’वाल्यांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. इंग्लंडमध्ये ‘सॅक्सन’ नावाच्या रॉक बँडचा असाच खटला झाला. बँड सोडून गेलेल्या दोघांनी नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि आत राहिलेल्या गायकाला अडवू पाहिलं. २००३ मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी निकाल दिला की नाव आणि लौकिक भागीदारीचे असतात. बाहेर पडणाऱ्याला त्यातला आपला तुकडा कापून नेता येत नाही. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण आपला भागीदारी कायदा इंग्लिश वळणाचाच असल्यानं वकिलांनी तो जरूर दाखवावा. शिवाय आपलं कलम ३६ याहून स्पष्ट आहे. बाहेर पडलेल्या भागीदाराला स्पर्धेत उतरता येतं, जाहिरातही करता येते, पण वेगळा करार नसेल तर पेढीचं नाव वापरता येत नाही आणि आपणच ती पेढी चालवतो असंही भासवता येत नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावानं कार्यक्रम करावा, खाली ‘अमुक वृंदाचे एक संस्थापक गायक, १९७६ ते १९८९’ असं लिहावं. ते खरं आहे आणि ते लिहिण्यापासून तुम्ही त्यांना रोखू नये. ‘मूळ’ हा शब्द लावून तेच नाव छापलं, तर प्रेक्षक फसतो.

(अमेरिकेत १९५० च्या दशकातल्या गायकवृंदांच्या नावानं इतके तोतये फिरले की तीसहून अधिक राज्यांनी यासाठी खास कायदा केला. मूळ ध्वनिमुद्रणात गायलेला आणि नावावर हक्क असलेला निदान एक जण मंचावर हवा, किंवा नावाचा ट्रेडमार्क तरी हवा. नाहीतर कार्यक्रम मानवंदनेचा आहे असं जाहिरातीत स्पष्ट लिहायचं. आपल्याकडे असा कायदा नाही. असता तर माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं कमी झाली असती.)

आता तो तरुण. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि न्यायालयात ते प्रथमदर्शनी ग्राह्य धरलं जातं, हे मान्य करून चालू. पण ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३४ नुसार, नोंदणीच्या आणि नोंदणीदाराच्या वापराच्याही आधीपासून जो ते नाव सतत वापरत आला आहे, त्याला नोंदणीदार अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलव्या’च्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं : आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. यातला ‘सतत’ हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा.

त्याचा मूळ अर्ज ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावरून लगेच उतरवून घ्या. ‘वापर कधीपासून’ या रकान्यात त्यानं १९७६ लिहिलं असेल, तर सोबत त्या वापराचं शपथपत्रही जोडावं लागलं असेल. असं शपथपत्र हाती लागलं तर तो तुमचाच पुरावा. नाव १९७६ पासून वापरात आहे हे त्यानं शपथेवर मान्य केलं आणि स्वतः तर २००८ मध्ये आला. मग बत्तीस वर्षं ते नाव कोण वापरत होतं, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.

त्याच्या बाजूनं एक मुद्दा आहे. नुसत्या नाइटवर असता, तर तो पैसे घेऊन गाणारा कलाकार ठरला असता आणि विषय संपला असता. २०१५ पासून तुम्ही त्याला वाटा दिलात; तेव्हापासून आपण भागीदार होतो, असं तो म्हणेल आणि न्यायालयाला ते पटूही शकेल. पटलं तरी घाबरायचं कारण नाही. भागीदारानं पेढीच्या नावावर स्वतःचं साधलं तर त्याचा हिशेब पेढीला द्यावा लागतो (भागीदारी कायद्याचं कलम १६), आणि बाहेर पडल्यावर कलम ३६ त्यालाही लागू होतंच. उलट नोटिशीच्या उत्तरात ‘तो फक्त पगारी होता’ असं ठोकून देऊ नका. बँकेचे उतारे तुम्हाला खोटं पाडतील.

इथे एक सापळा आहे, वकिलांच्या कानावर घाला. तुमची भागीदारी नोंदलेली नाही. नोंदणी नसेल तर करारातले किंवा भागीदारी कायद्यातले हक्क बजावण्यासाठी एका भागीदाराला दुसऱ्याविरुद्ध दावा लावता येत नाही, असं कलम ६९ म्हणतं. म्हणून कलम ३६ नोटिशीच्या उत्तरात लिहा, पण दाव्याचा पाया ‘पासिंग ऑफ’वर ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्याविरुद्धच्या हक्कावर. ‘हल्दीराम भुजियावाला’ प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असा हक्क करारातून येत नसल्यानं कलम ६९ आड येत नाही.

सोबत त्याची नोंदणी रद्द करण्यासाठी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५७ खाली अर्ज करा. तो मुंबईच्या ट्रेडमार्क निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. ‘बघू, महोत्सव होऊन जाऊ दे’ असं म्हणू नका. नोंदलेल्या नावाचा वापर माहीत असून पाच वर्षं खपवून घेतला, तर नंतर तक्रार ऐकली जात नाही. नोंदणीच अप्रामाणिक होती असं दाखवता आलं तर गोष्ट निराळी, पण ते ओझं अंगावर कशाला घ्या?

वारलेल्या सहकाऱ्याच्या मुलाशी मात्र गोडीनं बोला. भागीदारी वारसाहक्कानं मिळत नाही आणि पेढीच्या हिशेबासाठी दावा विसर्जनापासून तीन वर्षांत लावायचा असतो. पैशांची मागणी कधीच मुदतबाह्य झाली आहे. तरीही तुमची कच्ची बाजू इथेच आहे. वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं पेढी विसर्जित होते. विरोधक म्हणतील, पेढी २००४ मध्येच संपली, मग आता नाव कुणाचंच नाही. त्यावर तुमचं उत्तर असं की सगळ्यांच्या वागण्यावरून पेढी पुढे चालू ठेवायचं ठरलं होतं हे दिसतं, वीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही, आणि २००४ नंतरचा लौकिक तर तुम्ही दोघांनीच उभा केला. हा मुलगा तुमच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला तर पुष्कळ काम होईल. परदेशातल्या मैत्रिणीकडूनही ‘माझा या नावावर दावा नाही’ असं साधं पत्र मागवा.

आणि आता ते राहिलेलं कडू. पत्राच्या शेवटी ‘काय करू?’ असं तुम्ही एकट्यानंच विचारलं आहे; तुमच्यासोबत गाणाऱ्या दुसऱ्या संस्थापकांचं म्हणणं त्यात कुठेच नाही. नोटीस त्यांनाही आली आहे का, आली नसेल तर का नाही, हे त्यांना विचारलंत का? ते त्या तरुणाकडे झुकले तर वर लिहिलेलं निम्मं कोसळतं. दोघांनी आधी भागीदारीपत्र करा, पेढी नोंदवा, आणि वृंदाचं नाव पेढीचं आहे, एक जण गेला तरी दुसरा ते चालवेल, दोघंही गेल्यावर कुणी वापरायचं, हे त्यात लिहून टाका. नंतर ४१ व्या वर्गात, म्हणजे करमणुकीच्या सेवांच्या वर्गात, पेढीच्या नावानं ट्रेडमार्कचा अर्ज करा.

पुराव्याला आकाशवाणीची करारपत्रं, कार्यक्रमपत्रिका, तिकिटांची फाडलेली अर्धुकं, कॅसेटचं वेष्टण, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, नाट्यगृहाच्या पावत्या, सगळं साल लावून ठेवा. १९९० च्या दशकातले कागद विशेष शोधा. ‘सतत’ला तडा जायचा तर तिथेच जातो. मोबाइलवरच्या फोटो-चित्रफितींना न्यायालयात वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील ते करतील. आणि कुणा आयोजकांची गफलत झाली असेल, तुम्हीच समजून त्यांनी त्या तरुणाला तारीख दिली असेल, तर त्यांची शपथपत्रं घ्या. अमेरिकेतल्या ‘प्लॅटर्स’ वृंदाचे संस्थापक हर्ब रीड आयुष्याची कित्येक वर्षं नावासाठी भांडले. त्यांच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं मिळालेली, दुसऱ्यांना ते नाव वापरू न देणारी मनाई उठवली, का तर न भरून येणारं नुकसान पुराव्यानं दाखवलं नव्हतं. आपल्याकडे ‘पासिंग ऑफ’मध्ये प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायची सक्ती नाही, ते होण्याची शक्यता पुरते, तरी आयोजकांचे दोन कागद हातात असलेले बरे.

नोटिशीचं उत्तर जाईल त्याच दिवशी कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला महोत्सवाविरुद्ध मनाई मिळणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं. महोत्सव त्यापुढे असेल, तर मुदत संपण्याआधी नवं टाका, आणि ते तुम्हा दोघांच्याही नावानं टाका.