मुलीच्या दोन्ही डोळ्यांतली लेन्स सरकली आहे. ऑपरेशनमध्येच नवी लेन्स बसवावी की चष्म्यावर भागवावं?

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि घरचे म्हणतात, एकाच ऑपरेशनमध्ये नवी लेन्स टाकून मोकळे व्हा. ते 'मोकळे व्हा' वाचलं आणि लिहायला बसले.

माझा मुलगाही तेव्हा सहाचाच होता. एक डोळा झाकला तरी त्याला एका दिव्याचे दोन दिसायचे. घरात सगळे म्हणायचे, पोट्टा नाटकं करून राहिला. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी थेंब टाकून फोटो काढून दाखवला, तर लेन्सची कड बाहुलीच्या बरोब्बर मधोमध. अर्धा उजेड लेन्समधून, अर्धा बाजूने. दोन्ही लेन्स काढल्या. नव्या बसवल्या नाहीत.

माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "माझी वीस मिनिटांत बसली, याला काहून नाही? पैसे वाचवून राहिले का?" त्या वर्षी महालक्ष्म्यांना महाल भागातल्या घरी पंगत बसली. मुलाला +१२ चा चष्मा लागून पंधरा दिवस झाले होते. त्यातून वस्तू मोठी दिसते, जवळ वाटते. कढीच्या वाटीकडे गेलेला त्याचा हात अलीकडेच थांबला, दुसऱ्यांदा जोरात पुढे नेला आणि वाटी भासऱ्यांच्या सोवळ्यावर. "आंधळं करून ठेवलं पोराला!" भर पंगतीत. मी वाढणं टाकून आत निघून गेले. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देते.

मोतीबिंदूत लेन्सची पिशवी जागेवर असते, नवी लेन्स तिच्यात बसते. आपल्या पोरांच्या त्या पिशवीला धरणारे धागेच कच्चे. मग नवी लेन्स बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला चिमटवायची, नाहीतर डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्याने किंवा गोंदाने अडकवायची. प्रोलीन नावाच्या दोऱ्याचा बारीक टाका काही वर्षांनी तुटू शकतो. साठीच्या माणसाचं निभून जातं, सहाच्या पोराला सत्तर वर्षं काढायची असतात. शिवाय डोळा वाढतो, नंबर बदलतो. चष्म्याची काच दुकानात बदलून मिळते.

आणि पट्टी. आळशी झालेल्या डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, आम्ही दोन वर्षं लावली. लेन्स बसवली तरी हे चुकत नाही, त्यामुळे 'मोकळं' कोणीच होत नाही. आज पोट्टा चौदाचा आहे, फळ्यावरचं वाचतो. नवी लेन्स दहावीनंतर बघू.

हां, मुलगी चष्मा डोळ्यावर टिकूच देत नसेल किंवा एकाच डोळ्याचं ऑपरेशन असेल, तर माझं ऐकू नका. एका डोळ्याला इतका जाड चष्मा चालत नाही, तिथे कॉन्टॅक्ट लेन्स किंवा आतली लेन्सच. ते तुमचे डॉक्टर सांगतील.

भूल देण्याआधी होमोसिस्टीनची रक्ततपासणी झाली का, ते मात्र विचारा. रक्तात होमोसिस्टीन साठण्याचा आजार असतो, त्यातही लेन्स सरकते. तो असला तर रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. आणि हृदयाचा इको, फक्त मुलीचा नाही, घरातल्या सगळ्यांचा. आमच्याकडे मार्फान निघाला, म्हणजे शरीरातले जोडणारे धागेच कच्चे असण्याचा आनुवंशिक आजार. ह्यांचा इको केला तर महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, मुळाशी रुंद झालेली, तेव्हापासून गोळी सुरू आहे. भासरे सहा फूट दोन इंच, बोटं ह्यांच्यासारखीच लांबसडक. त्यांनाही तेव्हाच इको सांगितला होता. आठ वर्षं झाली. म्हणतात, मला काय होते, मी रोज अंबाझरी तलावाला चक्कर मारतो.