ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खाणं-पिणं अशी रोजची कामं जमवायला शिकवणं) ताई मलाच आत बसवतात आणि सगळं घरी करायला सांगतात. मग फी कशाची? आठवड्यातून किती सेशन पुरे?

अगंतुगं करते, राग मानू नको, तुझ्या वयाची सून आहे मला. तुझा मुलगा अडीच वर्षांचा, दळलेलं सोडून काही खात नाही, आणि तुझे मिस्टर म्हणतात "पैसे आपण मोजतो तर काम त्यांनी करावं", हे वाचलं आणि झोपायचं सोडून लिहायला बसले. माझा मुलगा अगदी हेच म्हणायचा. शब्दसुद्धा हेच.

आमचा नातू बत्तिसाव्या आठवड्यात झालेला. लवकर झालेले ते आठ आठवडे वजा करून वय धरलं तरी मागेच होता. अंग सैल, बसला की पाय मागे टाकून डब्ल्यूसारखा बसायचा, आणि खायला फक्त मिक्सरमधून काढलेलं भात-वरण. कण लागला जिभेला की ओकारी. सून नोकरीला जाते, म्हणून न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. आधी एका खाजगी सेंटरला न्यायचो. झोपाळा, मोठमोठे बॉल, रंगीत गाद्या, सगळं होतं, पण पालकांनी बाहेर बाकावर बसायचं, मध्ये पडदा. आत काय चाललंय विचारलं की "छान रिस्पॉन्स देतोय आजी". घरी आलं की परत मिक्सर.

मग आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) गेलो. तिथल्या ओटी ताईंनी पहिल्या दिवशी मुलाला हातच लावला नाही, मलाच विचारत बसल्या, सकाळी उठल्यापासून काय काय होतं, आंघोळ कोण घालतं, जेवताना कुठे बसतो, भांडण कधी होतं. मला वाटलं हिला काही येत नाही. नंतर म्हणाल्या, उद्या डबा घेऊन या आणि ज्यांना हे पटत नाहीये त्यांनाच पाठवा. मुलगा कुरकुरत आला, "हे सगळं नवीन फॅड आहे" म्हणत. (फॅड कसलं, कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएमला ओटीची शाळा काढली, याचा जन्मही नव्हता तेव्हा.) ताईंनी त्यालाच भरवायला लावलं. त्याने पोळीचा तुकडा वरणात बुडवून तोंडात घातला, पोराला उमासा आला, याने सवयीने मोबाईल काढला. ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, त्याचे पाय कुठेत बघा." पाय लोंबत होते. मग आमच्या चिरंजीवांनाच त्या उंच तपासणीच्या टेबलावर बसवलं, पाय अधांतरी, हातात बिस्किट, खा म्हणाल्या. दोन घास खाल्ले आणि स्वतःच हाताने टेबलाची कड धरायला लागला! "आता याला धडही सांभाळायचंय आणि चावायचंही आहे," ताई म्हणाल्या. पायाखाली खोकं ठेवलं, परत त्यालाच भरवायला लावलं, आणि मग विचारलं तुम्हाला काय वेगळं दिसलं. उत्तर त्याच्याकडून काढून घेतलं, स्वतः दिलं नाही.

त्या दिवशी पोराने काही खाल्लं असं समजू नको. घरी प्लायवूडचा पाय ठेवायचा पाट केला याने, आणि एका वेळी एकच बदल असं चाललं. वरण आणि भात वेगळा दिला, कारण पातळात मधेच कण आला की अशा मुलांना सगळ्यात अवघड जातं, तू पण ते पातळ-घट्ट एकत्र करणं आधी थांबव. घास जिभेवर न ठेवता बाजूला, दाढांपाशी. जेवणाआधी कणकेचा गोळा खेळायला, मटार सोलायला, हात चिकट व्हायची सवय. बरेच महिने गेले. आता पोळी-भाजी खातो. पोहे अजून नाही, हट्टी आहे, आजोबांवर गेलाय.

तर फी याची असते. पाऊण तासात ताई त्याला चावायला शिकवणार नाहीत, दिवसातून चार वेळा त्याच्यासमोर ताट ठेवणाऱ्या माणसाला शिकवतील. किती सेशन म्हणशील तर ते मूल बघून ठरतं, पण मी म्हणेन दर वेळी नवीन काहीतरी घरी घेऊन जाता येत असेल तर आठवड्यातून एकही पुरतं आणि तुम्ही बाहेर बाकावर असाल तर रोज नेऊन पण उपयोग नाही. आणि झोपाळे, ब्रश फिरवणं, वजनाची जॅकेटं दाखवून पॅकेज गळ्यात मारत असतील तर सावध. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०१२ मध्ये सांगून ठेवलंय की सेन्सरी थेरपीवरचं (म्हणजे हेच झोपाळे-ब्रश वगैरे) संशोधन अपुरं आहे, पालकांना तसं स्पष्ट सांगा. आमच्या विहीणबाईंना हे तीनदा सांगून झालं, त्यांना अजून पुण्यातलंच सेंटर भारी वाटतं.

हां, एक राहिलं. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घरघरतो, वजन वाढत नाही किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर घरी प्रयोग नकोत, आधी डॉक्टर. हातापायात ताठरपणा असेल तर फिजिओ पण लागतो, तिथे नुसतं शिकवून भागत नाही. आणि पैशाचं अवघड असेल तर डीईआयसी फुकट आहे, अंगणवाडीत तपासणीला टीम येते तीच चिठ्ठी देते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम वगैरेचं सर्टिफिकेट असेल तर सरकारचा निरामय आरोग्य विमा बघ, लाखापर्यंत आहे, थेरपीचेही पैसे मिळतात.

पण मूळ मुद्दा तुझ्या मिस्टरांचा. हे घरी करायचं सगळं शेवटी आई नाहीतर आजीच्या गळ्यात पडतं, आणि पैसे भरले की बापाचं काम संपलं असं आमच्याकडेही दीड वर्ष चाललं होतं. ताईंना शनिवारची वेळ माग आणि मिस्टरांनाच डबा घेऊन पाठव, तू जाऊ नकोस.