वर्षानुवर्षं संकटाची तयारी करून बसलेल्या माणसाला खरं संकट आल्यावर काय वाटतं?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की अशा लोकांना आतून थोडा आनंद होतो का. होतो. मला झाला. साधारण दीड दिवस टिकला. त्यापुढचं सांगायला अजून जड जातं, पण ही गोष्ट आमचा दादा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर त्याच्या पद्धतीने सांगतो, तर एकदा माझ्या पद्धतीने होऊन जाऊ दे.

मी सांगलीचा. गावभागात जुनं घर, खाली आम्ही, वर माडीवर दादा-वहिनी. मी अडत दुकानात दिवाणजी आहे, त्यामुळे हिशोब हा धंदाही आणि स्वभावही. २००५ साली कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५३ फुटांच्या वर गेली आणि आमच्या खालच्या घरात साडेचार फूट पाणी उभं राहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो होतो. परत आलो तेव्हा पोत्यातल्या गव्हाला कोंब फुटले होते आणि माझी दहावीपासूनची कागदपत्रं लोणच्यासारखी मुरली होती. ओसरीच्या भिंतीवर जिथवर गाळाची खूण होती तिथे मी लाल ऑइलपेंटने पट्टा मारला. तयारी तिथून सुरू झाली.

पुढची चौदा वर्षं मी काय जमवलं नाही ते विचारा. ५० लिटरची दोन निळी पिंपं, १० लिटरचे चार कॅन. जून ते सप्टेंबर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातलं पाणी ओतून नवीन भरायचं. ३० मीटर नायलॉनची दोरी, वातीचा स्टोव्ह, सेलवरचा रेडिओ, तीन बॅटऱ्या, क्लोरीनच्या गोळ्या. खायला गूळ, शेंगदाणे, भाजणी आणि हवाबंद डब्यांत भडंग. सगळ्याची नोंद एका लांबट वहीत, कुठल्या वस्तूची मुदत कधी संपते त्यासकट. पुतण्या मला 'मनू महाराज' म्हणायचा. 'काका, मासा आला का हो?' असं रोज संध्याकाळी. घरात हशा. बायको तोंडावर हसायची नाही, पण पदर तोंडाला लावायची.

यूट्यूबवर अमेरिकेतली या पंथाची मंडळी दिसतात. तळघरं, डबाबंद अन्नाच्या भिंती, बंदुका. मला हसू येतं. कृष्णाकाठी तळघर खणलं तर त्याला विहीर म्हणतात. आमच्या शेजारच्या हरिपूरला विचारा. पिढ्यानपिढ्या हळद जमिनीखालच्या पेवांत साठवणारं गाव, साठवणुकीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. २००५ च्या पाण्याने त्या पेवांची वाट लावली.

तर माझं घरात मागणं एकच होतं. हे सामान माडीवर ठेवू द्या. दादा म्हणायचा, माडी म्हणजे भंगारबाजार नाही. वहिनींना रॉकेलचा वास सहन व्हायचा नाही. यावरून आमची जी भांडणं झाली ती गल्लीने ऐकली आहेत. शेवटी मी सुताराकडून खालच्याच खोलीत फळी मारून घेतली, सहा फुटांवर. लाल पट्ट्याच्या वर दीड फूट. वहीत त्या फळीपुढे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सुरक्षित'.

मग २०१९ आलं. सांगलीत पावसाळ्यात 'कसं काय' कोणी विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सोमवारी, ५ ऑगस्टला, नागपंचमी होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीर आणि कलम ३७०, आमची नदी कुठल्या चॅनेलवर शोधूनही सापडेना. संध्याकाळी लाइट गेली. दादा जिना उतरून खाली आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझी ती बॅटरी आहे का रे?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, "कुठली देऊ? तीन आहेत."

तुम्ही विचारलेला आनंद तो. रात्र-रात्र जागून केलेला धडा जसाच्या तसा पेपरात यावा तसं झालं. बाहेर लोकांची धावपळ आणि मी घरात शीळ घालत होतो. बायकोने ती शीळ ऐकली, तेही फराळाच्या ताटावर येतं.

भोंगा लावून गाडी फिरत होती, घरं सोडा म्हणून. निम्मी गल्ली विश्रामबागला, मिरजेला पाहुण्यांकडे गेली. ज्यांच्याकडे काही नव्हतं ते पिशवी उचलून निघाले. आम्ही आठ माणसं राहिलो, कारण माझ्याकडे सगळं होतं. या छंदाचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे आणि तो कोणी सांगत नाही. रिकाम्या हाताचा माणूस वेळेवर निघतो. त्या वेळी दादा म्हणाला होता, जाऊ या. मी म्हणालो, गरज नाही. हे मी कबूल करतो, लिहून देतो, पण दादानेही माडीचं कबूल करावं.

पाणी उंबऱ्याला लागल्याबरोबर पिंपं आणि कॅन वर नेले. तेव्हा मात्र दादा नाही म्हणाला नाही, स्वतः एका बाजूने धरलं. फळीवरचं सामान तिथेच राहू दिलं, ते 'सुरक्षित' होतं ना.

मंगळवारी रात्री मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बॅटरीच्या उजेडात भिंतीकडे बघत होतो. पाणी लाल पट्ट्याला लागलं. थांबेल असं वाटलं. का वाटलं कोण जाणे, नदीने काही माझा पट्टा वाचला नव्हता. पाण्याखाली गेल्यावरही तो पट्टा थोडा वेळ दिसत होता, हलताना. मग गढुळात गेला. पुढचा तासभर मी फळी आणि पाणी यांच्यातलं अंतर वितीने मोजत होतो आणि उठत नव्हतो. दादाच उतरला. छातीभर पाण्यात उभं राहून त्याने एकेक डबा माझ्या हातात दिला, मी पुतण्याच्या. स्टोव्ह वाचला, भडंग वाचलं, गोळ्या वाचल्या. भाजणी गेली, तांदूळ गेले आणि वही गेली. वहीत लिहिलेलं सगळं मला पाठ होतं, पण तिचा पुठ्ठा तरंगत दाराकडे जाताना बघून मी खाली बसलो. आनंद तिथे संपला. आयर्विनला पुढे ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. आमच्या खालच्या छताला जेमतेम हातभर जागा राहिली होती.

मी मागच्या पुराची तयारी केली होती, एवढं साधं आहे ते. आलेला पूर दुसरा होता.

आता माडीवरचं सांगतो. तयारी करणाऱ्याला खरं संकट आलं की काय होतं? तो सामान काढतच नाही. मला वाटायचं मीच एकटा असा, पण नंतर दोघा-तिघांकडून असंच ऐकलं. चौदा वर्षं हाताला सवय लागलेली असते ती ठेवायची, काढायची नाही. दुसरी मेणबत्ती लावू देईना मी. 'आत्ता नको, पुढे लागेल.' गूळ मोजून द्यायचो. रेडिओ तासातून पाच मिनिटं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पूर आलाय. आता नाही काढणार तर कधी?" पोरं हसली. मी नाही हसलो.

घराभोवती दहा फूट पाणी आणि नळाला थेंब नाही. वही गेल्यामुळे हिशोब मी कोळशाने भिंतीवर लिहीत होतो. सुरुवातीला १४० लिटर, आठ माणसं, माणशी दोन लिटर, रोजचे १६. गुरुवारी रात्री भिंतीवर आकडा होता ९२. त्याच दिवशी रेडिओवर ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी ऐकली होती. बोट आली तरी बसायचं नाही, असं आई म्हणत होती. किती दिवस काढायचे ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

आमच्या माडीसमोर बोळ आहे, आठ-नऊ फुटांचा. पलीकडे काकू, काका आणि त्यांचा नातू अडकले होते. काकूंनी खिडकीतून हाक मारली. "अहो, तुमच्याकडे पाणी असेल ना? तांब्याभर तरी. पोरगं रडतंय."

मी म्हणालो, "आमच्याकडेही तळालाच आलंय हो, काकू."

म्हणालो खरा. आवाजही व्यवस्थित निघाला. दादा माझ्या मागे उभा होता. त्याने हातातली बॅटरी, माझीच बॅटरी, भिंतीवर मारली आणि मोठ्याने वाचलं, "ब्याण्णव." मग दोन कॅन उचलले, माझी नायलॉनची दोरी घेतली, काकांकडे टोक फेकलं, गजाला बांधायला सांगितलं आणि एकेक कॅन सरकवत पलीकडे पाठवला. कॅनच्या मुठीला जी गाठ होती तीही मीच कधीतरी मारून ठेवलेली. काकूंनी विचारलं, "अहो, तुम्हाला पुरेल ना?" तर दादा म्हणाला, "पुरेल. त्याची हिशोबात चूक झाली होती."

हे वाक्य तो दर दिवाळीला म्हणतो. सगळे हसतात. त्याला वाटतं त्याने मला झाकलं.

तर आता सगळ्यांसमोर सांगतो, हिशोबात चूक नव्हती. ९२ भागिले १६, पावणेसहा दिवस. माझी आई, तिघं पोरं, पाणी वाढतंय, बोटी उलटताहेत. त्या रात्री तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही 'थोडं आहे' म्हणाला असता. मी 'नाही' म्हणालो नव्हतो, 'तळाला आलंय' म्हणालो होतो. इथवर माझी बाजू. शनिवारी संध्याकाळी पोरांची एक बोट पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन आली. तेव्हा आमच्याकडे ४० लिटर शिल्लक होतं. ते पाणी मी पूर ओसरल्यावर फळीवरचा चिखल धुवायला वापरलं.

काय वाटतं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ४० लिटरमध्ये कुठेतरी आहे. मला शब्दात पकडता येत नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी लॉकडाऊन लागला. इस्लामपूरला रुग्ण सापडले तेव्हा किराणा दुकानांपुढे रांगा होत्या आणि आमच्या घरात महिन्याचं सामान होतं. काहीही वाटलं नाही. आनंद नाही, अभिमान नाही. आणि हो, मास्क एकही नव्हता. त्यावर वहीत कधी ओळच नव्हती.

सल्ला मागितलेला नाही तरी देतो. सामानाच्या याद्या कोणीही करतं. त्या यादीत आजूबाजूची माणसं किती आणि त्यांना किती द्यायचं हे शांत डोक्याने, उन्हाळ्यात लिहून ठेवा. रात्री हाक आल्यावर ठरवायला बसलात तर तोंडातून काय निघेल सांगता येत नाही. मागच्या पुराची रेघ ही मागच्या पुराचीच असते, फळी तिच्यावरून मोजू नका. निघा म्हटलं की निघा, सामान जळो. आणि माडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून एप्रिलमध्येच लेखी घ्या. अलमट्टी आणि कोयना या धरणांत दोष कोणाचा, यावर मात्र कृपया मला विचारू नका. या गावात त्यावरून सोयरिकी मोडायच्या बाकी आहेत.

हे सगळं नदीकाठच्या माणसाचं झालं, एवढं लक्षात ठेवा. आमची कृष्णा फुटाफुटाने चढते, कोयनेतून सोडलेलं पाणी इथवर यायला काही तास तरी देतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला एका रात्रीत शहर बुडालं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत सगळं संपलं होतं, तिथे पिंपाचा आणि दोरीचा काय उपयोग? आणि बंद खोलीत स्टोव्ह पेटवू नका, मी पेटवला होता, आईला गुदमरायला झालं. हे आधी सांगायला हवं होतं.

त्याच २०२१ च्या जुलैत आमच्याकडेही आयर्विनला पुन्हा ५० च्या वर गेलं. या वेळी आम्ही वेळेवर निघालो. पिंपं माडीवर होती, परत आल्यावर चिखलात लागतील म्हणून, आणि दादाने चकार शब्द काढला नाही. कुलूप लावत होतो तेवढ्यात समोरच्या काकू १० लिटरचा भरलेला कॅन घेऊन आल्या. त्यांची माडी आमच्यापेक्षा हातभर खाली आहे. "तुमच्या माडीवर ठेवाल का?" म्हणाल्या. मी कॅन घेतला. पाणी जिथवर होतं तिथे त्यांनी बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारून आणली होती, लाल.