रक्तात आहे की मी ओढवून घेतलंय?

तिने फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. वर पंजा दाबून बसली आणि म्हणाली, "मॅडम, बाकी सगळं नंतर. आधी एवढंच सांगा, हे माझ्या रक्तात आहे की मी ओढवून घेतलंय?"

वय 42, शाळेत गणित शिकवते. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत अंग ठणकण्याचं हे चौथं वर्ष. सकाळी उठताना 'रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखं' वाटतं, हे तिचेच शब्द. फळ्यावर लिहायला हात वर धरला की पाच मिनिटांत खांदा पेटतो. पर्सचा पट्टा टोचतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईएसआर, संधिवाताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे 'सुटलो' म्हणतात आणि हिच्यासारखीला वाटतं, आता आपलं कोणीच खरं मानणार नाही. अखेर संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे तपासण्यांत काही न सापडता अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या आणि झोप व ताण यांसाठी माझ्याकडे पाठवलं. 'म्हणजे मनाचे खेळ' असा अर्थ काढूनच ती आली होती. बहुतेक जणी तसाच काढून येतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

माझ्या फॉर्ममध्ये 'कुटुंबात कोणाला काही आजार?' असा एक रकाना आहे. तिथे तिने 'नाही' लिहिलं होतं.

आणि तरी रक्ताचा प्रश्न विचारत होती. म्हणून मी रकान्याकडे बोट दाखवलं. जरा वेळ गेला, मग म्हणाली, "आईचंही अंग दुखायचं. दुपारी खोलीत अंधार करून पडायची. आम्ही भावंडं म्हणायचो, झाली हिची नाटकं सुरू. डॉक्टरांनी कधी काही नाव दिलं नाही. मग काय लिहू?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जाऊबाईंकडून आला होता. "वेळच्या वेळी व्यायाम केला असतास तर ही वेळ आली नसती," असं त्या चार माणसांत म्हणाल्या होत्या.

हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो. रक्तात असेल तर हात टेकायचे, ओढवून घेतलं असेल तर स्वतःला बोल लावायचा. दोन्हीकडून बाई जागच्या जागी खिळते. म्हणून मी धीर देत बसत नाही, माहीत आहे ते सांगते.

फायब्रोमायल्जिया घराण्यांत चालतो हे खरं आहे. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांचे आईवडील, भावंडं, मुलं यांची तुलना संधिवाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी केली होती. पहिल्या गटात हा आजार असण्याची शक्यता सुमारे आठपट निघाली. आता घराणं म्हणजे रक्त तसं घरही एकच. त्यामुळे जुळ्यांचे अभ्यास उपयोगी पडतात. अंगभर दुखण्यावर स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात जनुकांचा वाटा साधारण निम्मा निघाला.

गणिताची बाई लगेच म्हणाली, "म्हणजे पन्नास टक्के आईमुळे, पन्नास टक्के माझ्यामुळे." हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. निम्मा वाटा म्हणजे एका माणसाच्या दुखण्याची वाटणी नव्हे. हजारो माणसांत कोणाला दुखतं आणि कोणाला नाही, या फरकाचा साधारण निम्मा भाग जनुकांच्या फरकाने उलगडतो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय उरलेला निम्मा म्हणजे 'माझी चूक' असंही नाही. त्यात अपघात येतात, जंतुसंसर्ग येतात, बालपण येतं, कोणी न मागता अंगावर आलेली जबाबदारी येते.

हा आजार आणणारं असं एकच जनुक नाही. सीओएमटी नावाचं एक जनुक मेंदूतली डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन यांसारखी रसायनं मोडण्याचं काम करतं, आणखी एक सेरोटोनिनच्या ने-आणीशी संबंधित आहे. अशा बऱ्याच जनुकांवर संशय आहे, पण एका अभ्यासात जुळलेलं दुसऱ्यात जुळत नाही. "मग जनुकांची चाचणी करून घेऊ का?" तिने विचारलंच. फायब्रोमायल्जिया आहे की नाही, होईल की नाही, हे सांगणारी जनुकीय चाचणी आज नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

वारशाने येतो तो मज्जासंस्थेचा हळवेपणा. 2002 साली एका प्रयोगात रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. निरोगी माणसांना जो दाब किरकोळ वाटला, त्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं जोरात कामाला लागलेली दिसली. हे सांगत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "दिसलं? म्हणजे मशीनला दिसलं?"

मग स्वतःच म्हणाली, "आमच्या वर्गात असा एक मॉनिटर होता. खडू पडला तरी हेडमास्तरांकडे धावायचा, वर्गात दंगल झाली म्हणून." मला ही उपमा इतकी पटली की पुढचे सगळे महिने आम्ही तीच वापरली. खडू पडला हे खोटं नसतं, आणि हेडमास्तर खरोखर छडी घेऊन येतात. मॉनिटरचा स्वभाव जन्माचा. पण त्याला चिथावणारी पोरं वर्गात असतात, आणि त्यांना आवरता येतं.

त्यातलं सगळ्यात वात्रट पोर म्हणजे झोप. 1975 साली कॅनडात निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप काही रात्री आवाज करून मोडली, पूर्ण जाग येऊ न देता. सकाळी ती धडधाकट माणसं अंग दुखतंय म्हणत उठली, दाबलं तर दुखू लागलं. मी तिला विचारलं, चार वर्षांपूर्वी झोप कशी होती? ती बोटांवर महिने मोजत गेली आणि थांबली. आईचं शेवटचं आजारपण. आठ महिने, रात्री खुर्चीत बसून. आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी मान धरली, ती सुटलीच नाही. जे आईकडून आलं होतं ते आईसाठी जागताना जागं झालं असेल का? एका माणसाच्या बाबतीत हे सिद्ध करता येत नाही. पण 'ओढवून घेतलं' हा शब्द त्या दिवसानंतर तिने वापरला नाही.

व्यायामाबद्दल मात्र माझंच चुकलं, तेही लिहायला हवं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली सगळे उपाय तपासून ज्या शिफारशी केल्या, त्यांत ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे, व्यायामाची. ते डोक्यात ठेवून मी दुसऱ्याच भेटीत सांगून मोकळी झाले, "रोज अर्धा तास चाला." ती पडली शिस्तीची. तीन दिवस पाऊण पाऊण तास चालली आणि चौथ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. शाळेत रजा टाकावी लागली. पुढच्या भेटीत खुर्चीत बसताच म्हणाली, "तुम्हीही आमच्या जाऊबाईंसारख्याच." बरोबरच होतं तिचं.

मग नव्याने सुरुवात केली. सहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला एक मिनिट वाढ. आणि एक अट: अंग हलकं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही. ही अट पाळणं तिला सर्वांत जड गेलं. तिने चौकटीच्या वहीत रोज रात्री दोन आकडे लिहिले, दुखणं दहापैकी किती आणि आज काय काय केलं त्याला दहापैकी किती. सहा आठवड्यांचा आलेख तिनेच काढून आणला, लाल आणि निळ्या पेनाने. प्रत्येक रविवारी निळी रेघ नऊवर. सोमवार-मंगळवारी लाल रेघ आठवर. बुधवारपासून उतार, शनिवारी बरं वाटलं की रविवारी पुन्हा आठवड्याची सगळी कामं: कपाटं, धुणं, वह्या तपासणं. "मी दर रविवारी कर्ज काढतेय," ती म्हणाली. मला त्यात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपाटं नवऱ्याकडे गेली. त्याला तो आलेख दाखवल्यावर तो वाद न घालता उठला म्हणे, कधी नव्हे ते.

वजनाचा विषय तिनेच काढला. नॉर्वेत सुमारे 16 हजार स्त्रियांवर 11 वर्षं लक्ष ठेवलं होतं. वजन जास्त असलेल्यांना पुढे फायब्रोमायल्जिया होण्याचा धोका 60 ते 70 टक्के अधिक निघाला, नियमित व्यायाम करणाऱ्यांना थोडा कमी. जाऊबाई जिंकल्या असं कोणी म्हणू नये. हा धोका गटाचा आहे. सडपातळ, पळणाऱ्या बायकांनाही हे दुखणं होतं, आणि दुखायला लागल्यावर हालचाल कमी होऊन वजन वाढतं ते वेगळंच.

बायकांनाच जास्त का, हेही ती विचारून गेली. आकडा निकषांवर बराच अवलंबून आहे. 1990 च्या निकषांत शरीरावरचे 18 बिंदू दाबून किमान 11 दुखावे लागत. दाब बायकांना लवकर दुखतो, त्यामुळे त्यांची संख्या फुगायची आणि पुरुष सुटायचे. 2010 नंतरच्या निकषांत ही दाबादाबी नाही आणि अंतर कमी झालं आहे. तरी बायका अधिक आहेतच.

तिची खरी काळजी मात्र चौथ्या भेटीत बाहेर आली, निघताना, दारात उभं राहून. "माझी लेक 15 वर्षांची आहे. परवा रात्री म्हणाली, आई, पाय दुखतायत. मी तिच्यावर ओरडले. काही होत नाही तुला, झोप." मग हळूच, "मी आईला जे म्हणायचे तेच."

तिला परत बसवलं. आठपट या शब्दाने छाती दडपते, पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या बहुसंख्य नातेवाइकांना हा आजार नव्हता. या वयात पाय दुखण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. रेंगाळलं, सांधा सुजला, ताप आला, तर डॉक्टर. (हे तिलाही लागू आहे. नवं काही दुखलं की फायब्रोमायल्जियाच्या नावावर टाकून द्यायचं नाही.) एरवी लेकीला रोज 'दुखतंय का' विचारून तिचा मॉनिटर बिथरवायचा नाही, आणि तिने आपणहून सांगितलं तर झिडकारायचं नाही. झोपेची वेळ दोघींची एक. घरात एवढं केलं तरी खूप.

सात महिने झाले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, कमी करायच्या तर ते करतील. दुखणं गेलेलं नाही. दहापैकी सात असायचं, आता बहुतेक आठवड्यांत चार-पाच असतं. परीक्षांच्या दिवसांत पुन्हा आठवर गेलं होतं, पण तेव्हा तिने चालणं बंद न करता निम्म्यावर आणलं. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

गेल्या भेटीत तिने पहिल्या दिवसाचा फॉर्म मागितला. कुटुंबाच्या रकान्यातलं 'नाही' एका रेघेने खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'आई. अंग दुखायचं. खरंच दुखायचं.'