पहिला प्लाझ्मा-गोळा बनवताना

प्लाझ्मा-गोळा म्हणजे आत वायू भरलेला काचेचा गोळा, ज्यात उच्च दाबाच्या विजेने प्रकाशाच्या धारा नाचतात. तो बनवायला काच फुंकणं आणि व्हॅक्यूम पंप सध्या राहू द्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाऊन पारदर्शक काचेचा, जुन्या पद्धतीचा 100 वॅटचा फिलामेंट बल्ब शोधा. त्यात आरगॉन-नायट्रोजन वायू आधीच असतो. तोच तुमचा पहिला गोळा!

नवशिक्यांची नेहमीची चूक फ्लायबॅकमध्ये (बल्बला उच्च दाबाची वीज देणारा, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर) होते. नंतरच्या टीव्हींच्या फ्लायबॅकमध्ये आतच डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. त्यातून डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) येतो, काच चार्ज होते आणि धारा थांबतात. काचेपार प्रवाह जायला उच्च वारंवारतेचा एसीच (दिशा बदलत राहणारा प्रवाह) लागतो, म्हणून जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट सेटचा, डायोड नसलेला मिळवा.

आणि हे कळकळीने सांगतो:
- मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर अजिबात नको, तो जीव घेतो.
- चालू बल्बला बोट लावू नका. काच तापून तडकते.
- गॉगल घाला, खिडकी उघडी ठेवा, ओझोन साचतो.

पहिली जांभळी धार दिसली की जरूर कळवा.