हाडामासाचे प्रश्न

शरीराची रचना आणि क्रिया यांबद्दलच्या तुमच्या पत्रांचा या वेळचा गठ्ठा जाड आहे आणि निम्मी पत्रं परीक्षेच्या धाकाने लिहिलेली दिसतात. ‘नक्की येणारे प्रश्न सांगा’ अशी ज्यांची मागणी आहे त्यांची पत्रं मी बाजूला ठेवली. असे प्रश्न मी विद्यार्थिनी असताना मला कधी ओळखता आले नाहीत आणि पुढे परीक्षक झाल्यावर तर मलाच सकाळपर्यंत ठाऊक नसायचं काय विचारणार ते.

मॅडम, मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे. हाताचे स्नायू तीनदा पाठ केले. रात्री अकराला सगळं येत होतं, सकाळी सातला पाटी कोरी. ओरिजिन (स्नायू जिथून निघतो), इन्सर्शन (जिथे जाऊन जोडला जातो), नर्व्ह, अ‍ॅक्शन, सगळ्याची खिचडी होते. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

स्मरणशक्ती ठीक आहे तुझी. पुस्तक मिट आणि उजवा हात पुढे कर, तळवा वर. आता डाव्या हाताने उजवी तर्जनी, अनामिका आणि करंगळी सरळ दाबून धर आणि एकटं मधलं बोट वाकव. वाकलं? मधल्या सांध्यात वाकलं असेल. आता कुणाला तरी त्या बोटाच्या शेवटच्या पेराला टिचकी मारायला सांग. पेर लुळं आहे, दोरा तुटलेल्या बाहुलीसारखं डुलतं. तू कितीही जोर लाव, ते वाकणार नाही.

का? बोटं वाकवणारे दोन स्नायू आहेत, एक वरच्या थरात, एक खोल. वरचा मधल्या पेरापर्यंतच पोचतो, खोलातला शेवटच्या पेरापर्यंत जातो. पण खोल स्नायूचा मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचा मांसल भाग जवळजवळ सामाईक आहे. शेजारची बोटं सरळ धरलीस की तो अडकून पडतो. मग काम एकट्या वरच्या स्नायूवर येतं आणि शेवटच्या पेराला कुणी वाली उरत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर नेमकी हीच परीक्षा करून कुठली दोरी तुटली ते ओळखतात. आता सांग, वरच्या स्नायूचं इन्सर्शन कुठे? हे तुला उद्या सकाळी सातला आठवेल, पैज लाव.

नावांना घाबरू नकोस. ‘फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस’ हे नाव नव्हे, पत्ता आहे: वाकवणारा, बोटांचा, खोलातला. हाडांची नावं तर चक्क टोपणनावं आहेत. पटेला (गुडघ्याची वाटी) म्हणजे छोटी ताटली. टिबिया (नडगीचं हाड) म्हणजे बासरी. फिब्युला (त्याच्या शेजारचं बारीक हाड) म्हणजे कपड्याला लावायची पिन. पायाची दोन हाडं शेजारी ठेवून बघ, पिन कुठली ते लगेच कळेल. कॉक्सिक्स (माकडहाड) म्हणजे कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याची चोच. ज्यांनी ही नावं ठेवली ते डोळ्यांनी बघत होते, घोकत नव्हते.

माझी फजिती सांगते. माझ्याकडच्या बोनसेटमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या हाडांच्या संचात, एकच क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) होतं, उजवं. वर्षभर मी तेच हाताळलं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी एक हाड हातावर ठेवून विचारलं, ‘कुठल्या बाजूचं?’ मी न बघताच म्हटलं, ‘उजवं.’ ते म्हणाले, ‘स्वतःच्या गळ्याखाली लावून दाखवा.’ जाडसर गोल टोक छातीच्या हाडाकडे धरलं, चपटं टोक खांद्याकडे, पुढचा बाक पुढे. सगळं जमलं आणि खालच्या बाजूची खोबण वर आली. हाड डावं होतं. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त ते हाड माझ्या दुसऱ्या खांद्यावर ठेवून दिलं. तेव्हापासून मी कुठलंही हाड आधी स्वतःच्या अंगावर लावल्याशिवाय बोलत नाही. तूही लाव. क्लॅव्हिकलचा इंग्रजी ‘एस’सारखा बाक त्वचेखाली बोटाला सरळ लागतो. पसरलेल्या हातावर पडलं की ते बहुतेकदा मधला आणि बाहेरचा एक-तृतीयांश भाग जिथे जुळतात तिथे, म्हणजे जिथे बाक उलटतो तिथे मोडतं.

आणखी एकच काम. रात्री झोपण्यापूर्वी कोऱ्या कागदावर आठवून चित्र काढ, वाईट काढलंस तरी चालेल. जिथे पेन्सिल थबकेल तेवढंच पुन्हा वाच.

माझी मुलगी शवविच्छेदनाच्या पहिल्याच दिवशी घेरी येऊन पडली. आता ती म्हणते, मी या क्षेत्राला लायक नाही. आम्ही काय समजूत घालावी?

समजूत घालू नका, तिला तिच्याच घेरीचं शरीरक्रियाशास्त्र शिकवा. भीती, नवखा वास, बराच वेळ एका जागी ताठ उभं राहणं, हे सगळं एकत्र आलं की व्हेगस ही नस (रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचे संदेश नेणारी नर्व्ह) हृदयाचा वेग एकदम उतरवते. त्याच वेळी पायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात. रक्त खाली साचतं, मेंदूला कमी मिळतं आणि माणूस आडवा होतो. आडवं होणं हाच त्यावरचा उपाय, कारण आडव्या शरीरात रक्ताला मेंदूपर्यंत चढावं लागत नाही. तिच्या शरीराने चोख काम केलं.

पुढच्या वेळी गुडघे ताठ करून उभी राहू नकोस, टाचा उचलत राहा, असं सांगा. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 मध्ये रक्ताभिसरणावर जे पुस्तक छापलं त्यात याच झडपांचा प्रयोग आहे. तिला हातावर करायला लावा: उठून दिसणारी शीर एका बोटाने दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने तिथून वर, कोपराच्या दिशेने रक्त निपटायचं आणि मग वरचं बोट उचलायचं. शीर झडपेपर्यंत रिकामीच राहते. खालचं बोट उचललं की क्षणात भरते. रक्त कुठून कुठे जातं याचा पुरावा कोपराखाली!

टेबलावरच्या माणसाने जाण्याआधी स्वतः होकार भरून देह दिलेला असेल, तर ते तिला जरूर सांगा. माझ्या अनुभवात त्याने हात लवकर स्थिर होतात. मीही पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर पळाले होते. माझ्यासोबत न पळालेले दोघे पुढे त्वचारोगतज्ज्ञ झाले, त्यावरून काय ते समजा.

वय 64, निवृत्त. शरीराबद्दल कुतूहल आहे, पण विज्ञान दहावीनंतर सुटलं. रचना आधी शिकावी की क्रिया?

तुम्हाला परीक्षा नाही, म्हणजे माझे सर्वांत सुखी वाचक तुम्हीच. दोन्ही एकदम शिका. नाडीवर तीन बोटं ठेवा, संथ श्वास घ्या आणि सोडा. तरुण माणसात श्वास आत घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते, कारण श्वास घेताना व्हेगसचा लगाम ढिला पडतो. वयानुसार हा फरक कमी होत जातो, तेव्हा तुम्हाला जाणवला नाही तर घाबरून मला पत्र टाकू नका. घरात विशीतलं कुणी असेल तर त्याची नाडी पकडा.

मग हिशेब करा. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळपास 5 लिटर. अंगात रक्तही तेवढंच. म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एकदा हृदयातून जातं. मूत्रपिंडांची गंमत याहून मोठी: दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकतात. उरलेलं सगळं परत घेतात. एवढा खटाटोप कशाला, असं मीही शिकताना विचारलं होतं. उत्तर असं, की प्रत्येक घाण ओळखून वेचत बसण्यापेक्षा सगळं बाहेर ओतून आपल्या कामाचं तेवढं परत उचलणं सोपं. अनोळखी पदार्थ आला तरी तो आपोआप मागे राहतो. कपाट आवरतानाही मी हेच करते.

फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. पुस्तकात लिहिलंय की छातीतल्या गाठीमुळे आवाज बसू शकतो. स्वरयंत्र गळ्यात, गाठ छातीत. संबंध काय?

फार आवडता प्रश्न! स्वरयंत्राकडे जाणारी एक नस, रिकरंट लॅरिंजिअल, व्हेगसमधून फुटते. पण डाव्या बाजूला ती गळ्यात न फुटता छातीत उतरल्यावर फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका-अन्ननलिकेच्या खाचेतून परत वर गळ्यात येते. उजवी मात्र खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालूनच मागे फिरते, म्हणजे मानेच्या पायथ्याशीच. म्हणून छातीतली गाठ, सुजलेली लसिकाग्रंथी किंवा फुगलेली महाधमनी डाव्या नसेला दाबते आणि आवाज घोगरा होतो.

असा वेडा रस्ता का? गर्भात हृदय मानेजवळ असतं आणि नस त्याच्या रक्तवाहिनीखालून सरळ जात असते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि वाहिनी नसेला आपल्याबरोबर खाली ओढते. उजवीकडची ती वाहिनी नाहीशी होते, म्हणून तिकडची नस वरच्या वाहिनीपाशी अडते. जिराफातही हीच वाट आहे. त्याच्या मानेची लांबी लक्षात घे आणि हस. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात ओरडणाऱ्या डुकराच्या या नसा कापल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण आवाज थांबला. आज आपण असं करणार नाही, पण आवाजाची सूत्रं मेंदूकडे आहेत हे तेव्हा त्यातून सिद्ध झालं.

थ्री-डी अ‍ॅप असताना शवविच्छेदन कशाला?

अ‍ॅपमधल्या नसा पिवळ्या, धमन्या लाल आणि शिरा निळ्या असतात. टेबलावर सगळंच करडं. तिथे नस आणि शीर बोटाने ओळखावी लागते: नस भरीव दोरीसारखी, शीर चपटी पिशवीसारखी. शिवाय अ‍ॅपमधला माणूस नेहमी पुस्तकातला असतो. मनगटातला पामॅरिस लाँगस हा बारीक स्नायू काही लोकांत जन्मतः नसतोच. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवा. मधोमध दोरी उठली तर आहे. माझ्या डाव्या हातात नाही. अ‍ॅप जरूर वापरा, फक्त त्यावर थांबू नका.

मागील अंकात तुम्ही ‘डाव्या फुप्फुसाचे तीन खंड’ असं लिहिलंत. उलट आहे ना?

उलट आहे. तीन उजव्याला, दोन डाव्याला. हृदय डावीकडे कललेलं असल्याने तिकडे जागा कमी. चूक माझी आणि बहुधा क्लॅव्हिकलवाल्या जुन्या सवयीची. संपादक म्हणाले, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. मी म्हटलं, नको, याच अंकात छापा, परीक्षा जवळ आल्यात.