वरच्या मजल्यावर अफगाण कुटुंब आलंय

प्रश्न: टोरंटोत आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण कुटुंब राहायला आलंय. बायबलमधला (मत्तय २५:३५) घरात घेतलेला परका आठवतो, पण सुरुवात कशी करायची? चर्चच्या मंडळीतले चार-पाच जण मिळून जावं का?

उत्तर: मुळीच नको. पाच अनोळखी माणसं दारात दिसली की ती सरकारी असतील या धास्तीनेच दार अर्धं उघडतं. नवरा-बायको दोघेच जा. घरात एकटी बाई असेल तर बायकांनीच बोलावं. हात पुढे करू नका, उजवा हात छातीवर ठेवून ‘सलाम’ म्हणा. चपला दाराशी काढा आणि चहाला नाही म्हणू नका.

नाताळ जवळ आलाय म्हणून केक नेऊ नका. रममध्ये भिजवलेली फळं सोडाच, व्हॅनिला इसेन्समध्येही बहुधा अल्कोहोल असतं. मटण हलाल दुकानातलं नसेल तर तेही नको. आपले शंकरपाळे उत्तम: मैदा, साखर, दूध, तूप, आणि तळायला नवं तेल. जुन्या तेलात आधी काय तळलं होतं ते सांगता येत नाही. डबा साधाच द्या, तो बहुधा भरूनच परत येईल.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. दुकान, दरवाजा, बदाम, हजार, शहर हे शब्द फारसीतून आपल्याकडे आलेत, अफगाणिस्तानातल्या दारी भाषेतही जवळपास असेच आहेत. हिंदी सिनेमांमुळे अनेकांना हिंदीही कळतं. मात्र ‘तिथून कसे निघालात?’ हे तुम्ही होऊन विचारू नका, आणि चर्चच्या पत्रकासाठी फोटो तर नाहीच. बायबलही पहिल्या भेटीत नको, नाहीतर शंकरपाळे आमिष वाटतात.

पुढच्या भेटीत कामाचं बोला. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा दर आठवड्याला, बाकी कचऱ्याचा काळा एक आठवडा सोडून. गाडीतली लहान मुलाची जुनी सीट देण्याआधी तिच्यावरची मुदत वाचा. डॉक्टरकडे शाळकरी मुलीला दुभाषी करू देऊ नका, आईचं दुखणं तिच्या तोंडून वदवणं दोघींनाही जड जातं. इमिग्रेशनचे अर्ज मात्र तुम्ही भरू नका. निर्वासितांना सरकारी मदतीवर चालणारी संस्था आणि ‘लिंक’चे, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचे सरकारी इंग्रजी वर्ग फुकट आहेत, तिथे सोबत जा.

कॅनडात १९७९ पासून चर्चचे गट निर्वासितांना प्रायोजित करतात, म्हणजे त्यांच्या खर्चाची आणि बस्तानाची जबाबदारी घेतात. असा गट त्यांच्यामागे असेल तर आधी त्याला विचारा, नाहीतर घरात तीन कुकर जमतात आणि हिवाळी बूट एकही नाही. ही जबाबदारी साधारण १२ महिन्यांची. मग पैसे थांबतात, येणं-जाणंही आटतं. दुष्काळातला तो तेरावा महिना आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.